नानांचा सण पुढे

पोळ्याच्या दिवसांत वर्गात आकाशकंदील टांगलेली शाळा कुठे दिसली, तर ती आमची समजा. आणि टांगणारे नाना गुरुजी. साक्रीकडच्या डोंगरातल्या या दोन शिक्षकांच्या शाळेत मी जळगावहून बदलून आले, तेव्हा वाटलं, मागच्या दिवाळीचे कंदील अजून उतरवलेले नाहीत. काय आळशी मास्तर! खुर्चीवर चढून एक काढायला गेले, तर हाताला ओली खळ चिकटली.

"राहू द्या बाई," मागून नाना म्हणाले, "आपला सण पुढे शे!"

हे त्यांचं पालुपद. पोरांकडून सणासुदीच्या वस्तू करून घ्यायचं त्यांना वेड, आणि प्रत्येक सण वेळेआधी उरकायचं त्याहून मोठं वेड. गणपतीच्या आत दिवाळी, दसऱ्याच्या आत संक्रांतीचे पतंग. पारावरचे म्हातारे विचारायचे, "गुरुजी, यंदा होळी कव्हय शे? श्रावणमा?" नाना सोबत हसायचे आणि कामट्या तासायला बसायचे.

खळ शिजवायला त्यांना खिचडीचंच पातेलं लागे. ते घासताना स्वयंपाकाच्या सखुअक्का नानांच्या नावानं बोटं मोडत. केंद्राच्या सभेला हा माणूस मिशीत चमकी घेऊन बसे. एकदा वरून पोळ्याच्या मातीच्या बैलांचा फोटो मागवला. नानांनी पाठवला. खाली बैलांची रांग, वर कंदिलांची. लगेच साहेबांचा फोन आला, "गुरुजी, फोटो मागच्या वर्षीचा आहे का?"

"नाही साहेब," नाना गंभीरपणे म्हणाले, "पुढच्या सणाचा आहे."

दोन वर्षं मी या गोष्टी माहेरी रंगवून सांगितल्या. दसरा झाला की इथली निम्मी घरं पोरांसकट ऊसतोडीला जातात, फडाशेजारी कोप्या म्हणजे खोपटं बांधून राहतात, होळीलाच परततात, हे मला माहीत होतं. पण त्याचा आणि कंदिलांचा संबंध काही माझ्या डोक्यात आला नाही.

गेल्या वर्षी मुकादमाची गाडी दसऱ्याच्या आधीच आली. सकाळची प्रार्थना चालली होती. फाटकातून तिसरीतल्या जमुनाची आई ओरडली, "गुरुजी, पोरले धाडा, गाडी उनी!" पोरं पांगली. प्रार्थनेत शिंकलेलंही न खपणारे नाना प्रार्थना अर्धी टाकून वर्गात पळाले आणि बांबूला सगळे कंदील अडकवून धापा टाकत गाडीपाशी पोचले. भांडीकुंडी आणि शेळ्यांच्या गर्दीत ज्याचा त्याला कंदील वर देऊ लागले.

जमुनाचा तेवढा अपुरा होता. झिरमिळ्यांचा रंगच तिला ठरवता येत नव्हता. शेवटी गुलाबी ठरला, तो कालच. झिरमिळ्या आज सकाळी चिकटवलेल्या, खळ अजून ओली.

"गुरुजी, आमनी कोपीमा लाईट नही," तिची आई म्हणाली. "कंदील काय कामना?"

"लाईट नको. नुसता टांगी दे," नाना म्हणाले. "दिवाळी शे, इतलं पोरेसले समजनं म्हंजे झायं."

तिनं कंदील घेतला आणि गाडी हलली. गुलाबी झिरमिळ्या नानांच्याच हाताला चिकटून राहिल्या. ते थोडं अंतर गाडीमागे धावले. मग थांबले. मला फार वाईट वाटलं. परत येऊन त्यांनी उरलेल्या पोरांची प्रार्थना पुरी करून घेतली. त्या झिरमिळ्या त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. पुढे सदरा बदलला तरी त्या नव्या खिशात जात.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, तेव्हा नाना फाटकातच माझी वाट पाहत उभे होते. जमुनाच्या बापानं मोबाईलवर फोटो पाठवला होता. उसाच्या फडाशेजारी कोप्यांची ओळ आणि प्रत्येक कोपीवर एकेक न पेटलेला कंदील. जमुनाच्या कंदिलाला झिरमिळ्याही होत्या. तिनं त्या उसाच्या पाचटाच्या लावल्या होत्या.

नाना पुन्हा पुन्हा बोटांनी तो फोटो मोठा करून पाहत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मिशीत अजून चमकी होती.

"बघा बाई," ते म्हणाले, "यंदा आपली दिवाळी अगदी दिवाळीलाच झाली."