सातव्या ओवीचा शोध

ऋणनिर्देशातून पत्नीचे नाव गाळण्याचा निर्णय मी पूर्ण विचारान्ती घेतला होता, हे सुरुवातीलाच नमूद करतो. (विचार न करता घेतलेले माझे निर्णय तुलनेने कमी अंगाशी येतात, असे घरातील निरीक्षण आहे.)

जात्यावरील ओव्यांचे संकलन हा माझा बावीस वर्षांचा ध्यास. दर सुट्टीला राजारामपुरीतून निघायचे, एसटीने एखादे गाव गाठायचे. ध्वनिमुद्रक माझ्या खांद्याला, आणि डबा, पाणी, छत्री व उरलेले सर्व विमलाच्या. अखेर पुस्तकाची मुद्रिते तपासायला आली. 'पत्नी विमलाच्या सहकार्याविना हे कार्य अशक्य होते' हे वाक्य मी वाचले आणि माझ्यातील संशोधक जागा झाला. असे वाक्य सर्वच पुस्तकांत असते. तेव्हा पुरावा म्हणून त्याचे मूल्य शून्य. मी ते खोडले.

विमलाने मुद्रिते जेवणाच्या टेबलावर वाचली. ग्रंथपालांचे आभार होते, कागदविक्रेत्याचे होते, आजऱ्याच्या एसटीत खिडकीची जागा देणाऱ्या वाहकाचेही होते.

"छान आहे," ती म्हणाली. "रविवारी आजऱ्याला तुम्हीच जाऊन या. मला भिशी आहे."

अडचण अशी की सोमवारी पुस्तक छापायला जायचे होते आणि शेवटच्या प्रकरणाचा सारा डोलारा सात ओव्यांच्या एका मालिकेवर उभा होता. त्यांपैकी सहाच माझ्याजवळ होत्या. त्या गाणाऱ्या शालूबाई आजऱ्याजवळच्या एका वाडीत राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज दोन शेते ओलांडणारा. प्रत्येक ध्वनिमुद्रणात त्या सहावीवर थांबत. हे मौन सांस्कृतिक असावे, असे चार पानी विवेचनही मी लिहून ठेवले होते.

मी एकटाच दारात उभा राहिलो तेव्हा शालूबाईंनी माझ्या मागे, मग डावीकडे, मग उजवीकडे पाहिले.

"बाईसाहेब कुठं हायत?"

"त्यांना काम होतं. मी आलोय ना."

"ते दिसतंय की," त्या निराशेने म्हणाल्या.

चहा झाला. जात्यात नाचणी पडली. मी ध्वनिमुद्रक सुरू केला. सहा ओव्या झाल्या आणि जाते थांबले.

"आणि सातवी?" मी विचारले.

"सातवी माझी न्हवं. समोर खुंट्याला हात लावून बसंल तिची. आमच्या घरची रीतच हाय ती. सा ओव्या सुरू करनारीनं म्हनायच्या, सातवी जोडीदारणीनं."

माझे चार पानी सांस्कृतिक मौन तेथेच निकालात निघाले. तरीही जिज्ञासा माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

"मग मी बसतो समोर!"

"तुम्ही?" शालूबाईंनी शेजारच्या क्रांतीवहिनींना हाक मारली. "अगं ये की! सर दळाय बसल्यात!"

क्रांतीवहिनी आल्या, आणि त्यांच्यासोबत अर्धी वाडी.

मी मांडी घातली, खुंटा धरला. लोकसंस्कृतीवर चोवीस शोधनिबंध लिहिणाऱ्यास जाते कोणत्या दिशेने फिरते हे ठाऊक असेल, अशी माझी समजूत होती. मी ते उलटे ओढले. चूक सुधारण्यासाठी सुलट ओढले, पण बेताने नव्हे. वरचा दगड खुंट्यासकट एका बाजूला उचलला गेला आणि नाचणीचे पीठ थेट माझ्या तोंडावर आले. शालूबाईंनी डोळे मिटून सूर लावला:

"दळाया बसला गं, शहराचा पंडित
दाणा उडाला अंगणी, पीठ निम्मं मिशीत!"

मी ती घाईने टिपून घेतली. (सातवी ओवी सापडल्याचा आनंद एवढा होता, की 'मिशी' हे कशाचे प्रतीक असावे यावर मी समासात एक प्रश्नचिन्हही केले.) वाडी हसून लोळू लागली तेव्हा खुलासा झाला.

"अवो सर, ही आत्ता जुळवली," शालूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "खरी सातवी तुमच्या बाईसाहेबच म्हणत्यात की! दरसाली माझ्या म्होरं त्याच बसत्यात. शिकवलीया मी त्यास्नी."

"मग माझ्या ध्वनिमुद्रणात ती कशी नाही?"

"त्यांनी तोंड उघडलं की तुम्ही मशीन बंद करताय न्हवं?"

हे खरे होते. संशोधकाच्या पत्नीचा आवाज आला तर सामग्री दूषित होते, म्हणून मी तत्परतेने कळ दाबत असे आणि तेवढ्या वेळात वहीवर तारीख लिहीत असे.

घरी पोहोचलो तेव्हा विमला पुरण वाटत होती. मी सर्व वृत्तान्त सांगितला आणि शक्य तितक्या नम्रतेने ओवी मागितली.

"ज्याचं पुस्तकात नावच नाही, त्याच्याकडची ओवी छापणं तुमच्या शिस्तीत बसतं का?"

मी मुद्रिते काढली, खोडलेले वाक्य पुन्हा लिहिले आणि तिच्यापुढे धरले.

"माझं राहू दे शेवटी. आधी ह्यांचं बघा. माहितीदार क्रमांक चौदा म्हणजे शालूबाई ना? पंधरा ती क्रांती. आपला डबा विटला तेव्हा तिनं भाकरी करून घातली होती. सतरा नंबरच्या विमलअक्का, माझ्याच नावाच्या. त्यांनी लेकीच्या लग्नाची गडबड सोडून गाऊन दाखवलं." अशी एक्केचाळीस नावे तिने न अडखळता सांगितली. माझ्याजवळ फक्त क्रमांक होते. बावीस वर्षे मी जे गोळा करत होतो, त्याचा मोठा भाग माझ्याच मागच्या आसनावर बसून प्रवास करत होता.

"आता लावा मशीन. पण समोर कुणीतरी फिरवायला लागतं," असे म्हणून तिने पुरणयंत्राचा दांडा माझ्या हाती दिला. मी फिरवत राहिलो, ती गात राहिली. कळेला मी हात लावला नाही.

पुस्तक निघाले. पहिली प्रत घेऊन आम्ही दोघे वाडीवर गेलो. प्रकाशकाने मुखपृष्ठासाठी वाडीतल्या कुणीतरी काढलेले एक जुने छायाचित्र निवडले होते: जाते, अलीकडे शालूबाई, पलीकडे विमला, आणि अगदी कडेला ध्वनिमुद्रक धरलेला कोपरापर्यंतचा एक हात.

शालूबाईंनी पुस्तक लांब धरून न्याहाळले.

"ही मी. ह्या बाईसाहेब. आनि ह्यो हात कुणाचा?"

"माझा," मी विनयाने, पण किंचित पुढे सरसावून सांगितले.

त्यांनी त्या हातावर बोट टेकवले. मग विमलाकडे वळल्या.

"बाईसाहेब, एवढा धडधाकट हात बाजूला रिकामा हुता, तर त्यात पाखडायला सूप तरी द्यायचं की!"