नकाशात नाही

आमच्या टॉवरमध्ये जंगलाकडच्या फ्लॅटला भाव जास्त. अशाच एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या दळवीकाकांनी गॅलरीच्या काचेला आतून सतरंजी ठोकली आहे. समोर येऊरचा अख्खा डोंगर, आणि हा माणूस दिवसाढवळ्या दिवा लावून चहा पितो. मुलाने फ्लॅट घेऊन दिला आणि तो बंगळुरूला गेला. काका डोंगराकडे पाठ करून राहिले.

काका वनखात्यातून निवृत्त झालेले. तोंडात कायम एकच पालुपद, "नकाशात नाही." टेंभी नाक्यावर नवं हॉटेल निघालं? "नकाशात नाही." बिल्डरने कबूल केलेलं क्लबहाउस? "नकाशात आहे, जमिनीवर नाही." सुनेचा फोन आला का, असं एकदा विचारलं, तर तेही नकाशात नव्हतं.

डोंगराचा विषय निघाला की मात्र ते उखडतात. "अरे, हे लाकडाचं कोठार होतं! साग, ऐन, खैर. आम्ही जंगलाचे तुकडे पाडून लिलाव करायचो, तोडायला डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरचीच माणसं. मग एक दिवस सरकारला साक्षात्कार झाला, की झाड उभंही चांगलं दिसतं. झालं राष्ट्रीय उद्यान! तोडायला सांगणारे राखणदार झाले आणि तोडणारे चोर."

मे संपत आला की त्याच पाड्यावरची जानीबाई आमच्या फाटकाशी शेवळं घेऊन बसते. ही रानभाजी नीट केली नाही तर घसा असा खाजतो की विचारू नका. काका रोज तिची अर्धी टोपली उचलतात आणि दारोदार वाटतात. स्वतः काडीही खात नाहीत. "मला खाजते." त्या दिवसांत निम्मा टॉवर काकांची बेल वाजली की घरात नसतो.

यंदा सोसायटीने ठराव आणला, की बाहेरच्यांनी फाटकाशी बसायचं नाही. सभेत काका उठले.

"बाहेरची? ती? अहो, उद्यानाची हद्द ठरत होती तेव्हा पाडे नोंदवायला मी गेलेलो. भर उन्हाळा. सगळा पाडा टिटवाळ्याकडे वीटभट्टीवर गेलेला, दरवर्षी जातो तसा. दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. मी लिहिलं, ओस. पावसाळ्याला माणसं घरी परतली, ती अतिक्रमण म्हणून! आणि आपण कोण? आपण फॉरेस्ट व्ह्यू!"

मग अध्यक्षांनी घसा खाकरला. "पार्किंगचा विषय घेऊ या का?"

ठराव मंजूर झाला. विरोधात एकच हात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानीबाईची टोपली पुढ्यात घेऊन फाटकाशी काका बसलेले. "मी सभासद आहे. काढा बाहेर!" विक्रेता म्हणून माणूस अगदीच टाकाऊ. येईल त्या बाईला आधी सांगायचे, "घसा खाजेल हं." जानीबाई रस्त्यापलीकडे फुटपाथवर बसून तोंडाला पदर लावून हसत होती.

मी पलीकडे गेलो. म्हटलं, "मावशी, काका काल तुमच्यासाठी भांडले."

"भांडंल ना. पाडा ओस लिवलेला त्यानं."

मी चपापलो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सासूनं. तिचा पाय मोडलेला, ती भट्टीवर नव्हती आलेली. एकलीच होती पाड्यात. त्याला पानी तिनंच दिलेलं."

सभेत काकांनी हे सांगितलं नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला. पाणी प्यायला आणि ओस लिहिलं! "आणि तरी तुम्ही त्यांना भाजी देता?"

तिने समोर पाहिलं. काका एका बाईशी भावावरून हुज्जत घालत होते, स्वतःच भाव कमी करत.

"अरं, भाजीच्या निमतानं रोज खाली उतरतो तो," जानीबाई म्हणाली. "नाय तर दुसरं कोन बोलतंय त्याच्याशी?"