मालक, गाडीसह

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनातील छायाचित्रांखालच्या ओळी लिहिण्याचे कार्य निवृत्त संस्कृत शिक्षकांनी पूजेच्या भावनेने स्वीकारले होते. चित्रातील माणूस कोण आणि स्थळ कोणते, याचा निर्णय झाल्यावाचून त्यांची लेखणी कागदाला शिवत नसे. एकोणतीस चित्रे हातावेगळी झाली. तिसावे सासुरवाडीचे निघाले, आणि उद्घाटन उद्यावर आले होते.

चित्रात, अगदी कडेला, पत्नीचे आजोबा एक हात पाठीशी घेऊन ताठ उभे होते. शेजारी उघडी मोटार; तिच्याखालून कुणाचे तरी दोन पाय बाहेर आलेले. मागच्या पाटीवर 'शाळा' एवढीच अक्षरे. खाली आजीच्या वळणदार अक्षरात, 'मालक, गाडीसह'.

"यात शोधायचं काय एवढं?" पत्नी म्हणाली. "आजोबा मालक. शाळा त्यांनीच बांधलेली. खाली मेकॅनिक. लिहा नि मोकळे व्हा! उद्या माझं सगळं माहेर येतंय."

"पण मेकॅनिकच्या बुटांना एवढी चकाकी?" शिक्षकांनी भिंग सरकवले.

"माझ्या माहेरचं चांगलं तुमच्या डोळ्यांत खुपतंच!"

तथापि जिज्ञासा अनावर असते. शिक्षकांनी चौकटीचे खिळे उपसले. पुठ्ठ्याच्या कडेआड दडलेली 'कार्य' ही अक्षरे प्रकट झाली आणि शाळेची कार्यशाळा झाली. आजोबांचा पाठीमागचा हातही दिसू लागला. त्यात नट आवळायचा पाना होता.

पत्नीने तत्काळ नव्वदीच्या आत्याला फोन लावला. "आत्या, आजोबांचीच ना गं ती मोटार?"

"कसली मोटार! बाबांकडे सायकलसुद्धा नव्हती. ते कार्यशाळेत पाने हातात द्यायचे. त्या गाडीवाल्याला गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला खपायचा नाही. स्वतःच खाली शिरायचा मेला!"

"मग आजीनं 'मालक' का लिहिलं?"

"अगं, आईनं जन्मात कधी बाबांचं नाव घेतलं का? आमचे मालक असं म्हणतात, आमचे मालक तसं म्हणतात!"

पत्नीने फोन ठेवला. "सगळ्यांना सांगून बसलेय हो मी. आता कुठल्या तोंडानं उभी राहू? ते 'मालक' तेवढं खोडा."

"आजीचा शब्द खरा आहे," शिक्षक गंभीरपणे म्हणाले. "खोडायचा नाही. उलट, एक वाढवायचा."

दुसऱ्या दिवशी सर्वाधिक गर्दी तिसाव्या चित्रापुढे होती. खालची ओळ अशी होती : 'कार्यशाळेच्या दारात दोन मालक. गाडीचे, खाली; आजीचे, वर.'

माहेरची मंडळी पोट धरधरून हसत होती. "बघा, आमच्या आजोबांचा रुबाब! गाडीवाला पायाशी!" पत्नी अभिमानाने सर्वांना दाखवीत होती.

धाकट्या मेहुण्याने हळूच विचारले, "आणि तुमच्या घरचे मालक यातले कुठले हो, भावोजी?"

शिक्षकांनी आधी पत्नीकडे पाहिले, मग चष्मा पुसत म्हणाले, "ज्यांचे फक्त बूट दिसतात ना, ते."