बूट दारातच राहिले

"आज आजी चालणारच!" रुग्णालयाच्या दालनात मी डॉक्टर निवांना छातीठोकपणे सांगितलं.

पक्षाघातानंतर हिसाए आजी काठीशिवाय पाऊल टाकत नव्हत्या. आज टाकलं, तर घर. नाही टाकलं, तर कायमचा वृद्धाश्रम.

मी त्यांच्या डोळ्यांवर आमचा जाडजूड चष्मा चढवला. आत त्यांचंच घर, पुतण्याने चित्रित करून आणलेलं. सेन्सर बुटांना चिकटवलेले. बूट हलतील, वळतील, तसं चष्म्यातलं घर हलणार, वळणार. केवढी ही माझी अक्कल!

"अगंबाई! लोणच्याचे मुळे अजून छपराखाली वाळतायत!" आजी म्हणाल्या. मग हळूच हाक दिली, "आले हो मी!"

आतून कोण उत्तर देणार? आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली.

"आत चला, आजी."

यंत्र : पावलं शून्य.

"चला ना!"

"बूट घालून? कुणी वळण लावलं की नाही तुला?"

आजींनी बूट काढले. माझ्या शेजारी डॉक्टर निवांनीही घाईघाईने काढले! मोज्यातून अंगठा बाहेर. आणि मी? आईने लावलेली सवय! वाकलो आणि आजींचे बूट उचलून, तोंड बाहेर करून, नीट जोडून ठेवले.

चष्म्यातलं घर गर्रकन फिरलं.

"मेल्या! मला रस्त्याकडे का वळवलंस? थांब, माझी मी वळते."

यंत्र : पावलं शून्य.

मी वायरी उपटल्या, परत खोचल्या. यंत्राच्या पडद्याला चापट्या मारल्या.

"घर जवळच येत नाही रे," आजींचा आवाज लांबून आला. "चालतेय, चालतेय..."

"कुसाका," डॉक्टर म्हणाले, "पडदा सोड. मागे बघ."

आजी दालनाच्या पार टोकाला! काठी मात्र इथेच खुर्चीला टेकलेली!

मी धावत जाऊन चष्मा काढला. समोर खिडकी, बाहेर गाड्यांचा तळ. आजींचा चेहरा उतरला.

"घर कुठं गेलं?"

"जागेवरच आहे," डॉक्टर म्हणाले. "शनिवारी जा."

आजी परत चालत आल्या आणि बुटांत पाय सरकवले. "बाहेर तोंड करून ठेवलेस? निघायला बरं!"

त्या गेल्यावर मी त्यांच्या बुटांवरून काढून घेतलेले सेन्सर माझ्या बुटांना चिकटवले आणि तो चष्मा लावून पाहिला. मुळे वाळत होते. माझी खोली भाड्याची, दिवा मीच लावतो. इकडेतिकडे कुणी नाही ना, याची खात्री केली. बूट काढले. हळूच म्हणालो, "आलो हो!"

यंत्र : पावलं शून्य.