राऊटरला सुतक लागलं

शेजारच्या कुंभोजकरांचा राऊटर सोमवारी सकाळी वारला आणि आमच्या राऊटरला सुतक लागलं. दोघे एकाच कंपनीचे, दोघांची वायर एकाच खांबावरच्या डब्यातून आलेली. भावकीच ती.

आम्हाला हे लगेच कळलं नाही. आधी वाटलं, नेट नुसतं ये-जा करतंय. माझी सून शैला मोबाईलवर मालिका बघते, ती सुरळीत चालली होती. मुलगा दिगंबर द्राक्षांचे भाव बघतो, तेही दिसत होते. पण शैलानं भाचीला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, त्या गोल गोल फिरत बसल्या. त्याच वेळी दिगंबरनं कुणाला तरी श्रद्धांजली वाहिली, ती सरळ गेली.

"आई, हे माणूस बघून चालतंय का हो?" शैलानं विचारलं.

"माणूस बघून नव्हे, काम बघून," मी म्हटलं.

पण खरा जीव टांगणीला लागला होता तो नातीचा, रेवतीचा. परवा तिची बंगळूरच्या कंपनीत शेवटची मुलाखत होती, ती घरी बसून नेटवर द्यायची. आधीची नोकरी गेल्यापासून पोरगी वर्षभर घरात होती आणि भावकीतल्या बायका तिला सोडून मलाच विचारायच्या, आता काय ठरलंय हिचं? मोबाईलला आमच्या घरात रेंज नाही. फक्त न्हाणीघराच्या खिडकीत येते. राऊटर यायच्या आधीची मुलाखत तिनं तिथूनच दिली, तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, मॅडम, तुमच्या मागे बादली का आहे?

तेव्हा हे नेट सुधारणं भाग होतं. दिगंबरनं राऊटर बंद करून चालू केला. फडताळावरून काढून खिडकीत ठेवला. मागच्या भोकात टाचणी खुपसून बघितली. काही उपयोग नाही. शेवटी कंपनीचा माणूस बोलावला. नागेश बोधले त्याचं नाव. त्यानं चपला बाहेर काढल्या, राऊटरसमोर मांडी घातली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून विचारलं, "यांच्या भावकीत कुणी गेलं का?"

"शेजारचा गेला. सोमवारी," दिगंबर म्हणाला.

"वीज कडाडली तेव्हा?"

"नाही. बसल्या जागी."

"मग सुतकात आहे. रोजची कामं करील, शुभकार्याला हात लावणार नाही. दहा दिवस."

"अहो, पण मुलाखत शुभ कशी?" रेवती कळवळून म्हणाली. "चार माणसं मला प्रश्न विचारून घाम फोडणार आहेत."

"नोकरीची आहे ना? मग शुभच. परवा तासगावला एकाच्या कर्जाचं काम अडलं नाही, पण घराची नोंदणी अडली." नागेश उठला. "तुम्ही वर बोला. माझ्या हातात वायरपुरतंच आहे."

न्हाणीघराच्या खिडकीतून दिगंबरनं फोन लावला. वायर तुटली असल्यास एक दाबा, दिवा लाल असल्यास दोन दाबा, सुतक असल्यास तीन दाबा. तीन दाबल्यावर बराच वेळ सनई वाजली, मग एक मॅडम आल्या. दिगंबरला भीड पडली, त्यानं फोन माझ्याकडे दिला. मी बादली पालथी घातली आणि तीवर बसले.

"मॅडम, आम्ही त्याला दत्तक घेतलाय असं धरा. दत्तक गेला की जन्मघरचं सुतक उरत नाही," मी म्हटलं.

"दत्तक असं धरता येत नाही, आजी. विधी लागतो, साक्षीदार लागतात. केलाय का विधी?"

"नाही."

"मग तो आमच्याच कुळातला. दहा दिवस थांबा. सहकार्याबद्दल आभार."

"थांबा, फोन ठेवू नका. तुमच्याकडे लेक सासरी दिली की चुलतभावाचं किती धरतात?"

"नुसती अंघोळ. पण राऊटर लेक आहे हे कशावरून?"

"घरातून आमच्याकडे पाठवला तो तुम्ही. आम्ही काही आमचा कुणी तुमच्याकडे पाठवला नाही."

"पाठवणी झाली हे मान्य. पण गृहप्रवेश?"

शैला बाहेरून ओरडली, "आणला त्या दिवशी मी कुंकू लावलंय! नारळ फोडलाय!"

"तसं गिऱ्हाईक मिक्सरलाही कुंकू लावतं," मॅडम म्हणाल्या. "नाव बदललंय का?"

आता मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी दाराकडे बघितलं. नागेश अजून गेला नव्हता, चहा पीत उभा होता. तो म्हणाला, "सांगा त्यांना, बदललंय. जोडायला आलो तेव्हा कंपनीचं लांबलचक नाव काढून मी तुमचं आडनाव, खुटवड, टाकलं. कुणाच्याही मोबाईलवर बघा, नेटचं नाव खुटवडच येतं."

"ऐकलंत?" मी म्हटलं. "नाव सासरचं लावते ती."

मॅडमनी खटखट काहीतरी बघितलं. "बरोबर आहे. लग्नानंतरचं नाव खुटवड. आमच्याकडे माहेरचं लागलं होतं, दुरुस्त करते. ओल्या फडक्यानं पुसून घ्या, तीच अंघोळ. मात्र एक ध्यानात ठेवा आजी, आता तुमच्या घरचं सुतक तिला पूर्ण लागणार. दहा दिवस. त्यात आम्हाला फोन करायचा नाही."

"नाही करणार," मी म्हटलं.

शैलानं तिला पुसलं. हिरवा दिवा लागला आणि भाचीला अडकलेल्या शुभेच्छा गेल्या. रेवतीनं माझ्या गळ्यात हात टाकले. त्या आनंदात मला मिरजेचे बापू आठवले.

बापू म्हणजे माझ्या यजमानांचे चुलतभाऊ. नव्वदी कधीच ओलांडलेली. वर्षभर मिरजेहून निरोप यायचा की आजची रात्र काही खरी नाही, आणि सकाळी बापू पोहे मागायचे. पण माणसाचा काय भरवसा? मुलाखतीच्या आत काही झालं तर?

"सुतक ऐकल्यापासून धरतात," मी म्हटलं. "आपल्याला कळलंच नाही, तर लागणार नाही."

"आपल्याला कळायच्या आधी हिला कळेल," दिगंबर हळूच म्हणाला. "निरोप हिच्यातूनच येतात."

हे खरं होतं. मिरजेला लिहून कळवावं, तर तेही हिच्यातूनच जाणार. दिगंबर पुन्हा न्हाणीघरात गेला, दार लावून घेतलं आणि मिरजेच्या पुतण्याला, सुदामला, हलक्या आवाजात सांगितलं की परवा दुपारपर्यंत काही झालं तरी ग्रुपवर टाकू नकोस. सुदाम म्हणाला, टाकत नाही काका, आणि बापूंनी आत्ताच दोन भाकरी खाल्ल्या.

मुलाखतीच्या दिवशी रेवती माझी निळी इरकल नेसून टेबलापाशी बसली. मी राऊटरजवळ खुर्ची टाकली. सकाळी चहाच्या वेळी हिरवा दिवा एकदम पिवळा झाला होता. पण नंतर जो हिरवा झाला तो झाला.

मुलाखत लांबली. चौघे साहेब आळीपाळीनं विचारत होते, रेवती उत्तरं देत होती. मला भाषा कळत नव्हती, सूर कळत होता. आधी ते तिला तोडून बोलत होते, मग तिचं ऐकून घ्यायला लागले, मग एकजण हसला. दिवा एकदाही हलला नाही. शेवटी थोरल्या साहेबांनी काही म्हटलं आणि रेवतीनं तोंडावर हात ठेवला.

"घेतलं, आजी," तिनं मागे वळून सांगितलं.

तिनं कॉम्प्युटर मिटला आणि तेवढ्यात आमच्या घरातले सगळे मोबाईल एकदम वाजायला लागले. थांबेनातच. दिगंबरनं चष्मा लावला. बापू पहाटे गेले होते. सुदाम शब्दाला जागला होता, पण सांगलीच्या थोरल्या वन्संनी ग्रुपवर टाकलं होतं. वेळ सकाळच्या चहाची. त्याखाली भावकीतल्या सगळ्यांच्या श्रद्धांजल्या, त्याही सकाळच्याच. सगळ्या आत्ता आल्या.

"म्हणजे आई, हिला सकाळपासून…"

"गप रे," मी म्हटलं. "घरातली बाई आहे ती. कधी काय सांगायचं, ते तिला कळतं."

आम्ही बघत असताना तिचे दिवे एकेक करून मावळले. शैलानं न्हाणीघरातली पालथी बादली सरळ करून पाणी लावलं. आम्ही पाळीपाळीनं अंघोळी केल्या, मग तिला फडक्यानं पुसलं आणि कुणी काम सांगू नये म्हणून कोपऱ्यात पाटावर ठेवलं. दुपारी कुंभोजकरीण पिठलं-भाकरी घेऊन आली. तिनं आधी कोपऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एका आठवड्यात दोन्हीकडचं आलं हो बिचारीला."

रेवतीच्या नेमणुकीचं पत्र कंपनीनं त्याच संध्याकाळी पाठवलं म्हणे. आमच्याकडे ते तेराव्याचं गोडाचं जेवण झाल्यावर पोचलं.