दीड आटा

दशरथअण्णा एसटीत स्वतः उभे राहायचे आणि खिडकीजवळच्या सीटवर त्यांचा ट्रक बसायचा. ट्रक म्हणजे रिमोटवर पळणारा, हातभर लांबीचा, टॉवेलात गुंडाळलेला. कंडक्टर म्हणायचा, "आजोबा, हे खेळणं मांडीवर घ्या, बाईंना बसू द्या." की अण्णा कडाडलेच. "खेळणं? ह्यात इंजिन हाय! तुमची गाडी चढाला धापा टाकती, ह्यो न्हाई टाकत. नामंजूर!" बाई बिचारी उभी राहायची. ट्रकचं हाफ तिकीट मात्र अण्णा भांडून मागून घ्यायचे.

हे मला ठाऊक, कारण ती एसटी ओतूरला येते, तिथं स्टँडसमोर माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, आणि या दोघांनाही यायचं असायचं ते माझ्याकडेच. अण्णा पिंपळवंडीचे. पिंपळवंडीपासून आळेफाट्यापर्यंत गॅरेजं काय कमी आहेत? पण तिथल्या प्रत्येकाशी अण्णांचं भांडून झालं होतं. उरलो मी.

अण्णांची सारी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली. कालव्याची दारं उघडायची आणि मिटायची. लोखंडी चाक किती आटे फिरवलं की कुठल्या चारीला किती पाणी जातं, हे त्यांच्या मनगटाला पाठ. त्यामुळे रिटायर झाले तरी ते जग आट्यांतच मोजायचे. चहा अगोड झाला तर "साखर अर्धा आटा कमी". माझा गुडघा दुखायचा, तर "एक आटा जास्त आवळलाय, बाकी काय न्हाई". पाण्याचे अर्ज नामंजूर करायचं काम साहेबांचं. पण तो शब्द अण्णांनी नोकरी संपताना स्वतःसोबत घरी आणला आणि मग तो सगळ्या जिल्ह्यावर वापरला. माझ्यावर सगळ्यात जास्त.

ट्रक आणला त्यांच्या मुलानं. सुनील अमेरिकेत इंजिनिअर आहे. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला तो मे महिन्यात बायकोमुलीला घेऊन आला, तेव्हा मुलीसाठी हे प्रकरण घेऊन आला. मुलगी त्याच्या आवाजाला घाबरून काकड्यांच्या मांडवात जाऊन बसली. परत जाताना बॅगांचं वजन जास्त भरलं आणि ट्रक अण्णांच्या ओटीवर राहिला.

अण्णांनी काय करावं? मोपेडमध्ये घालतात तसं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं आणि त्याच्या टाकीत ओतलं. मग तळहाताला फोड येईपर्यंत त्याची चालू करायची दोरी ओढली. इंजिन ढिम्म. तेव्हा ते माझ्याकडे आले.

मी वीस वर्षं मेकॅनिकचं काम करतोय. हातात घेतल्या घेतल्या मला दोष दिसला. प्लग आहे, पण प्लगला वायर नाही. अर्धा तास मी त्या इंजिनाच्या भोवती वायरीचं टोक शोधलं आणि मग म्हणालो, "अण्णा, वायर कुठं हरवली तुम्ही?"

"मी? मी हरवली? चाळीस गावांचं पाणी सांभाळलं मी, एक थेंब हरवला न्हाई!"

भर स्टँडवर आमची अशी जुंपली की नारायणगावची गाडी सुटायची थांबली. रविवारी सुनीलचा फोन आला, तेव्हा उलगडा झाला. या प्लगला वायर नसतेच. त्याच्या आतली तार एका सेलनं लाल करायची, मग इंजिन आपलं आपण पेटत राहतं. आणि टाकीत पेट्रोल चालत नाही. स्पिरिटाच्या जातीचं, ऑइल मिसळलेलं वेगळं तेल लागतं, ते पुण्यात खेळण्यातली विमानं उडवणाऱ्या लोकांच्या दुकानात मिळतं. सोमवारी अण्णा हे सगळं घेऊन माझ्या दारात उभे. पेट्रोल त्यांनी स्वतः ओतलं होतं, त्याचं नाव नाही. वर मलाच म्हणतात, "अर्धवट मेकॅनिक हायेस तू."

मी त्या दुकानाचा पत्ता तेवढा लिहून घेतला. वयाचा मान असतो.

पुण्याहून कॅन आला, इंजिन लागलं, आणि खरं सांगतो, मी राग विसरलो. मुठीएवढं इंजिन, पण काय त्याचा आवाज! एरंडेलासारख्या वासाचा पांढरा धूर सोडत ट्रकनं स्टँडच्या मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. चढलेली माणसं एसटीतून उतरून बघायला आली. अण्णा रिमोट छातीशी धरून असे उभे, जणू कालव्याला पहिलं पाणी त्यांनीच सोडलंय.

तिथून माझी साडेसाती सुरू झाली.

या इंजिनाचा सगळा जीव कार्बोरेटरच्या एका सुईत असतो. सुईचा स्क्रू बाहेर फिरवला की तेल जास्त जातं, ट्रक धूर काढत रडत चालतो. आत फिरवला की तेल कमी, मग इंजिन किंचाळतं, तापतं आणि बंद पडतं. मधली जागा केसाएवढी. ती मी शुक्रवारी बरोबर पकडायचो. अण्णा दोन फेऱ्या मारून बघायचे, "आत्ता कसं" म्हणायचे आणि घेऊन जायचे. सोमवारी पुन्हा दारात.

"तुझं शेटिंग दोन दिस टिकत न्हाई."

दर सोमवारी! श्रावण गेला, गणपती गेले, दसरा आला. एकदा सुई गेली. एकदा प्लगची तार जळाली. एकदा क्लचची स्प्रिंग निघाली, ट्रक जागेवर उभा राहून नुसता ओरडायचा. एकदा रिमोटचे सेल उलटे. उलटे! ज्या माणसानं आयुष्यभर आटे मोजले, त्याला सेलची वरची बाजू कळेना? मी विचारलं, तर म्हणाले, "तूच घातलेस."

बरं, तक्रार हळू आवाजात करतील तर अण्णा कसले. गिऱ्हाईक बसलेलं असलं की त्यांना जास्त जोर. पुन्हा माझ्या चुका मला अमेरिकेच्या हवाल्यानं सांगायचे. "सुनील म्हणतो, शेटिंग करायच्या आधी इंजिन गरम करावं लागतं. केलंतं का तू?" केलं होतं. "सुनील म्हणतो, तेलाची नळी बघ." बघितली होती. त्या मुलाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्यावर माझा दात होता. बारा वर्षं माझ्याकडेच येणारं गिऱ्हाईक, सोमनाथ गवळी, एका सोमवारी हे सगळं ऐकत बसला आणि मंगळवारपासून त्याची फटफटी शेजारच्या गॅरेजसमोर उभी दिसायला लागली. विचारलं तर म्हणाला, "तसं न्हाई राव, पण म्हाताऱ्याचा एवढासा ट्रक तुला जमंना, म्हणून म्हटलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोटावर आलं होतं आता.

त्या शुक्रवारी मी सुई लावली आणि बायकोच्या नेलपेंटनं स्क्रूच्या डोक्यापासून कार्बोरेटरच्या अंगापर्यंत एक लाल रेघ ओढली. स्क्रू हलला तर रेघ तुटणार. सोमवारी बघितलं, रेघेचे दोन तुकडे. स्क्रू दीड आटा बाहेर.

"अण्णा, हा कुणीतरी फिरवलाय."

"खड्डे किती हायेत रस्त्याला! फिरला आसंल."

खड्ड्यांनी स्क्रू बरोब्बर दीड आटा फिरतो? मी स्क्रूड्रायव्हर उचलला. पुन्हा लावला, पुन्हा रेघ ओढली, शुक्रवारी ट्रक दिला, आणि रविवारी सकाळी गॅरेज बंद ठेवून फटफटीला किक मारली. वाटेत काय काय बोलायचं त्याची मी तयारी करत होतो. म्हातारा असला म्हणून काय झालं, असं सुरू करायचं ठरवलं होतं.

अण्णांच्या घराचं दार उघडं होतं. काकूंना जाऊन पाच वर्षं झाली, घरात दुसरं कुणी नाही. अण्णा ओटीवर सतरंजीवर बसले होते. अंघोळ झालेली, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. पुढ्यात टॉवेलावर ट्रक आणि शेजारी फोन. त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या त्या लाल रेघेवर ठेवला आणि डोळे बारीक करून फिरवला. "एक," ते हळूच म्हणाले. "दीड."

मी उंबऱ्यात उभा. तोंड उघडणार, एवढ्यात फोन वाजला. अण्णांनी मला पाहिलं. पण ज्या माणसानं मला कधी एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, त्यानं माझ्यापुढे हात जोडले.

"हां, सुनील. न्हाई रे, परत बिघाडलं बघ. धूर लई काढतंय. रडत रडत चालतंय."

सुनीलचा आवाज मला उंबऱ्यापर्यंत ऐकू येत होता. सुई किती आटे बाहेर आहे, प्लगची तार कुठल्या रंगाची झाली, इंजिन हाताला किती तापतं. मुलगा रंगून बोलत होता, मधेच हसत होता. अण्णा "व्हय... व्हय का... असं असतंय व्हय" म्हणत होते. एकदाही नामंजूर म्हणाले नाहीत. अर्धा तास झाला, मी ओटीच्या कडेला बसलो.

शेवटी सुनील म्हणाला, "अण्णा, आता पुरे झालं हे. मेकॅनिक तुमचा बोगस आहे. पुढच्या रविवारपर्यंत याच सुईनं त्रास दिला तर द्या फेकून. मी दुसरा पाठवतो, बॅटरीवरचा. त्याला ट्युनिंग वगैरे काही लागतच नाही."

अण्णांचा चेहरा पडला. "बरं," म्हणाले.

"बाकी?"

"बाकी ठीक."

"गोळ्या घेताय ना? बरं, ठेवतो."

फोन ठेवून अण्णा ट्रककडे बघत बसले. मला बोगस म्हणाला तो मुलगा, अमेरिकेत माझं नाव बुडालं होतं, आणि मी पाठ केलेलं सगळं भाषण विसरलो होतो.

"आधी दोन मिन्टं बोलायचा," अण्णा म्हणाले. "पाऊस झाला का, गोळी घेतली का. मी व्हय म्हणायचो, की संपलं. त्याचं तरी काय चुकलं? माझ्याशी बोलायचं म्हणजे कशावर बोलणार? मला त्याच्यातलं काय कळतंय? इंजिनावर मात्र तास तास बोलतो बघ. ल्हान व्हता तवा बोलायचा तसा." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला लई बोल लागला माझ्यापायी. मला कळत व्हतं."

"मग सांगायचं की मला!"

"काय सांगू? माझं पोरगं माझ्याशी बोलंना, असं सांगू?"

मला राग आला. अण्णांवर नाही. कुणावर, ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. बॅटरीवरचा पाठवतो म्हणे! ट्युनिंग लागत नाही म्हणे! इंजिनिअर असून बापाच्या आवाजावरून एक दोष ओळखता येत नाही आणि मी बोगस!

"स्क्रूड्रायव्हर द्या तुमचा," मी म्हणालो. "सुईला काही अर्थ राहिला नाही आता. सुई त्याच्या ध्यानात आलीय."

मी ट्रक मांडीवर घेतला. इंजिनाच्या पाठीमागं एक झाकण असतं, चार स्क्रूंचं. ते किंचित ढिलं झालं की आत भलतीकडून हवा शिरते. मग कशी का सुई लावा, इंजिन कधी चढतं, कधी उतरतं, कधी शहाण्यासारखं चालतं आणि लगेच बंद पडतं. वरून बघून कळत नाही. फोनवरून तर नाहीच नाही. वीस वर्षांत चालतं इंजिन मी मुद्दाम कधी बिघडवलेलं नाही. त्या दिवशी बिघडवलं. दोन स्क्रू पाव पाव आटा सैल केले आणि पुढच्या रविवारी काय सांगायचं ते अण्णांकडून दोनदा म्हणवून घेतलं.

"हे हुडकायला त्याला किती दिस लागत्याल?" अण्णांनी विचारलं.

"साधा माणूस असला तर वर्ष. हुशार असला तर दोन महिने."

अण्णांच्या कपाळावर आठी आली.

"लई हुशार हाय रे त्यो," ते काळजीनं म्हणाले. "अजून एखादा ढिला कर."