पिष्टशास्त्र आणि दोन पांढऱ्या चादरी

त्या शनिवारी चादरी मीच धुवायच्या, असं मी ठरवलं. नेहमीप्रमाणे तो निर्णय मी तीनदा बदलला. चौथ्यांदा बदलायच्या आत आमच्या सौभाग्यवती "बघू या जमतंय का" म्हणाल्या आणि मी अडकलो.

झालं होतं असं. आदल्या आठवड्यात बाथरूममध्ये पाय घसरून हिचा उजवा हात मोडला. प्लास्टर लागलं. धुणंभांड्याच्या बाई भाचीच्या लग्नाला कर्नाळ्याकडे गेलेल्या. तेवढ्यात पुण्याहून हिच्या थोरल्या भावाचा, दीनानाथांचा फोन.

"विनायकराव, शनिवारी संध्याकाळी पोचतो. रविवारी शांतीला घेऊन जातो. प्लास्टर निघेपर्यंत राहील आमच्याकडे. तुमच्याच्याने घर चालायचं नाही."

त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच ते मला लागलं. शिवाय एकटं राहायची मला भीती वाटते. (गॅस बंद केला का हे पाहायला मी जिन्यावरून दोनदा परत येतो. ही घरात असली की तिसऱ्यांदा येत नाही.)

"जाऊ नकोस," मी म्हणालो.

"दादाला घर नीटनेटकं दिसलं तर नाही जात," ही म्हणाली. "त्याच्या गादीवर घालायच्या पांढऱ्या चादरींपासून सुरुवात करा. धुवा, खळ करून घाला आणि वाळत टाका."

आता मी रसायनशास्त्राचा पीएच.डी. माझा प्रबंध पिष्टाच्या द्रावणांच्या चिकटपणावर. (तो तिघांनी वाचला. त्यातले दोन परीक्षक, तिसरा टंकलेखक.) बोअरिंगचं पाणी किती जड आहे हे तपासण्यात पाऊण तास गेला, पण सोडा आणि गरम पाणी वापरून चादरी खरोखर स्वच्छ निघाल्या. हे इथेच सांगून ठेवतो, कारण यापुढे माझ्या बाजूने सांगण्यासारखं फारसं नाही.

राहिली खळ. कपड्याची खळ कशी असते, हे हिला विचारावं असं एकदा वाटलं. पण ज्याने पिष्टावर पदवी मिळवली त्याने बायकोला खळ विचारायची? आणि खळ मला येत नव्हती थोडीच! कॉलेजात बत्तीस वर्षं उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचे कागद चिकटवायला मी स्वतः मैद्याची खळ शिजवत आलो होतो. शिपायाच्या खळीवर माझा विश्वास नव्हता. माझ्या खळीने चिकटवलेलं पाकीट युनिव्हर्सिटीला कधी सुरीशिवाय उघडता आलं नाही.

दीड किलो मैदा मी सगळ्यात मोठ्या पातेल्यात शिजवला. कसर लागू नये म्हणून सवयीने चिमूटभर मोरचूदही घातलं.

आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, खळ झाली का?"

"झाली!"

"गुठळ्या नाहीत ना?"

"एकही नाही!"

"नीट शिजली? चकाकी आली?"

"आरशासारखी!"

"मग बुडवा चादरी. आणि सगळीकडे सारखी लागू दे हं!"

सगळीकडे सारखी लागावी म्हणून मी दोन्ही चादरी फरशीवर अंथरून पुस्तक बांधायच्या ब्रशने खळ लावली. मग त्या दुमडून गच्चीतल्या दोरीवर टाकल्या. एप्रिलचं ऊन होतं. खाली येऊन मी हिला अभिमानाने सांगितलं, "बघ, चार तासांत कडक!"

माझा शब्द खरा ठरला. चारच्या सुमारास शेजारच्या हव्वाबी वरून हाका मारू लागल्या. त्यांचा मुलगा मस्कतला असतो. त्या आमच्या गच्चीवर पापड वाळवतात.

"सर! ओ सर! दोरीवर पत्रा कोनी टाकला? कळंबोलीच्या लोखंडबाजारातून आनला काय?"

मी धावत वर गेलो. दोन्ही चादरी मोरचुदाने हिरवट होऊन दोरीवर तंबूसारख्या उभ्या होत्या. वारा सुटला तरी त्या हलत नव्हत्या, दोरीच हलत होती. मी एकीला टिचकी मारली. टकटक असा आवाज आला.

"या अल्ला! किती खळ घातली?"

"दीड किलो."

"बादलीभर पाण्यात दोन चमचे घालतात, सर! तुमी तर भिंत बांधली!"

दुमडलेल्या बाजू एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि मधून गेलेली दोरीही त्यांच्यात पक्की बसली होती. हव्वाबींनी एक टोक धरलं, मी दुसरं.

"ओढा! जोरात! तुमी शिकलेले ना?"

मी ओढलं. चर्रर्र करून चादर उभी फाटली. दोरी तुटली. हव्वाबींचे पापड माझ्या पायाखाली आले आणि मी दुसऱ्या चादरीवर आडवा झालो. चादरीला काहीही झालं नाही. तिला सुरकुतीसुद्धा पडली नाही.

"विनायकराव?"

जिन्याच्या दारात हातात बॅग घेऊन दीनानाथ उभे होते. त्यांच्या मागे प्लास्टरचा हात सांभाळत ही.

"हे काय चाललंय?"

"चादरी," मी पडल्या पडल्या म्हणालो. "तुमच्यासाठी."

त्या रात्री दीनानाथ हव्वाबींनी दिलेल्या, सिंहाचं मोठं चित्र असलेल्या मस्कतच्या चादरीवर झोपले. सकाळी चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"शांते, निघायचं ना?"

"मी नाही येत, दादा," ही म्हणाली. "हव्वाबी दोन्ही वेळा डबा देणार आहेत. बाई उद्या येतील. मला इथे कसलाही त्रास नाही."

माझे डोळे भरून आले. "ऐकलंत ना?" मी म्हणालो. आवाज थोडा चढलाच.



"पटलं," दीनानाथ म्हणाले. "शांतीला इथे पूर्ण विश्रांती मिळेल. फक्त एक करायचं. विनायकराव, पुण्याला तुम्ही चला."

मी मदतीसाठी हिच्याकडे वळलो. खुर्ची रिकामी होती. ही आतल्या खोलीत, डाव्या हाताने, माझी बॅग भरत होती.